डोंगराचा कौल

मनुष्य घराबाहेर पडतो तो एकतर काही मिळवावयाचे असते म्हणून, किंवा काही पाहावयाचे असते म्हणून. पहिल्या प्रकारच्या प्रवासास व्यापार, नोकरी, दावेकज्जे अशी निरनिराळी नावे आहेत. दुसऱ्या प्रकारास आपल्या पूर्वजांनी यात्रा म्हटले, आणि आपण आज पर्यटन म्हणतो. वरवर पाहता हा केवळ शब्दाचा फरक वाटतो; परंतु दोन्ही शब्दांच्या मागे उभी असलेली मनोवृत्ती एक नाही. यात्रेकरू देवळाशी पोहोचला आणि दार बंद असले, तर तो सभामंडपाच्या पायरीवर बसून वाट पाहतो; देवाची विश्रांतीची वेळ असेल, नैवेद्य चालू असेल, असे तो स्वतःचे समाधान करून घेतो. पर्यटकास दार बंद आढळले की आपला काहीतरी हक्क डावलला गेला असे वाटते, कारण त्याने गाडीभाडे भरलेले असते, रजा काढलेली असते आणि परतीचा दिवस ठरलेला असतो. जगातील सुंदर स्थळे पाहण्याचा जो अधिकार आपण आज सहज गृहीत धरतो, त्यास काही मर्यादा आहे काय? असल्यास ती कोणी घालावयाची? कायद्याने, त्या स्थळी पूजा करणाऱ्यांनी, की प्रवाशाने स्वतःच?

हा प्रश्न हवेत सोडवण्यापेक्षा एका विशिष्ट भूमीवर उभे राहून सोडवणे बरे, म्हणून आम्ही अमेरिकेतील ॲरिझोना हे राज्य निवडले आहे. आपल्या मंडळींपैकी अनेकांची मुले-नातवंडे आता त्या देशात स्थायिक झाली आहेत, आणि त्यांच्याकडे गेलेली वडीलधारी माणसे तेथील थोर दरी पाहून आल्यावाचून परतत नाहीत. तेव्हा हा प्रश्न आपणांस परका नाही.

ॲरिझोना म्हटले की वाळवंट डोळ्यांपुढे येते, आणि ते चूकही नाही. नैर्ऋत्य कोपऱ्यातील यूमा या शहरी वर्षाकाठी तीन-एक इंच पाऊस पडतो. फीनिक्स या राजधानीत २०२३ साली सलग एकतीस दिवस उष्णतेचा पारा ११० अंश फॅरनहाइटवर किंवा त्याच्याही पलीकडे गेला होता. तथापि हे राज्य, ज्याचे क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राहून थोडेसेच कमी भरेल, एकाच साच्यात ओतलेले नाही. दक्षिणेकडे सवारो नावाचे प्रचंड निवडुंग उभे असतात; त्यांस पहिली फांदी फुटावयास पन्नास-पाऊणशे वर्षेही लागतात, आणि त्यांचे आयुष्य दीडशे वर्षांच्या वर जाते. तेथील तोहोनो ओ-ओदाम लोक या निवडुंगांस झाडे न मानता माणसे मानतात. उन्हाळ्यात पिकलेली त्यांची फळे उतरवून ते त्यांचे पेय करतात आणि त्या पेयाच्या विधीने पावसास आवाहन करतात. कारण त्या वाळवंटासही स्वतःचा एक मोसमी पाऊस आहे. उत्तरेकडे चढत गेले की निवडुंग मागे पडतात, पाइनची अरण्ये सुरू होतात, आणि फ्लॅगस्टाफ या शहरात हिवाळ्यात शंभर इंचांच्या घरात बर्फ पडते. त्याहीपलीकडे आहे ती कोलोरॅडो नदीने कोरलेली ग्रँड कॅन्यन: २७७ मैल लांब, कोठे कोठे १८ मैल रुंद, आणि सुमारे एक मैल खोल. १९१९ साली तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि आता वर्षाला अर्ध्या कोटीच्या आसपास माणसे ती पाहावयास येतात.

या दरीच्या काठावर उभ्या राहिलेल्या हिंदू प्रवाशाच्या हाती नकाशा पडला, तर तो क्षणभर चकित होतो. समोरच्या एका भव्य सुळक्याचे नाव आहे ‘विष्णू टेंपल’, दुसऱ्याचे ‘शिवा टेंपल’, तिसऱ्याचे ‘ब्रह्मा टेंपल’. दरीच्या तळाशी असलेल्या, पावणेदोनशे कोटी वर्षांच्या जुन्या काळ्या खडकासही भूगर्भशास्त्रज्ञ विष्णूचेच नाव देतात. ही नावे ठेवण्याची प्रथा क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञापासून रूढ झाली. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात या प्रदेशाचे वर्णन आहे. ते सुळके पाहून त्यास पूर्वेकडील देवालयांची आठवण झाली, आणि आपल्या भाषेतील शब्द त्या दृश्यापुढे तोकडे पडतात असे वाटल्यावरून त्याने दूरदेशीच्या देवांस हाक मारली. हा मोठेपणाच म्हणावा लागेल. आपल्या देवांची नावे परमुलखातील पर्वतांस लाभावी, यात आपणांस आनंद वाटणेही स्वाभाविक आहे.

परंतु या आनंदात एक प्रश्न दडलेला आहे. डटन तेथे पोहोचला तेव्हा ती दरी ओसाड होती काय? १९३७ साली न्यूयॉर्कच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाची एक तुकडी ‘शिवा टेंपल’च्या माथ्यावर गेली. जगापासून तुटलेल्या त्या पठारावर निराळे प्राणी निपजले असतील काय, हे तिला पाहावयाचे होते. निराळे प्राणी काही सापडले नाहीत. पण प्राचीन मूळ रहिवासी तेथे येऊन गेल्याच्या खुणा मात्र सापडल्या. दरीत राहणाऱ्या हावासुपाई लोकांची कथा तर याहून कठोर आहे. ज्या १८८२ साली आपल्या देवांची नावे ग्रंथात छापली गेली, त्याच साली या लोकांचा मुलूख सरकारने ५१८ एकरांच्या एका घळीपुरता आकुंचित केला. दरीच्या मध्यावर ते जेथे शेती करीत, ती झऱ्याकाठची जागा नव्या उद्यानाच्या हद्दीत गेली आणि १९२८ पर्यंत शेवटच्या रहिवाशासही तेथून निघावे लागले. प्रवासी मात्र त्या जागेस ‘इंडियन गार्डन’ म्हणत राहिले. १९७५ साली कायदा होऊन १,८५,००० एकरांच्या आसपास जमीन त्यांस परत मिळाली, आणि २०२२ साली त्या बागेस ‘हावासुपाई गार्डन्स’ हे नाव अधिकृतपणे देण्यात आले. ज्यांच्या घरास आपण नाव ठेवतो, त्यांस आधी विचारावे, एवढा साधा शिष्टाचार अमलात येण्यास शतक उलटून जावे लागले. नावे ठेवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. दृश्याने तो इतका भारावला होता की दृश्यात माणसेही आहेत, हे ध्यानात घेण्याचे कोणास सुचले नाही. आमच्या मते पर्यटनाचा मूळ दोष हाच आहे.

आता त्याच राज्यातील दुसऱ्या प्रकारची उदाहरणे पाहू. कॅन्यन डी शे नावाची एक लाल खडकांची दरी नावाहो लोकांच्या भूमीवर आहे. १९३१ साली ती राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली, परंतु जमीन नावाहोंचीच राहिली. आजही त्यांची कुटुंबे दरीच्या तळाशी शेती करतात. प्रवाशास काठावरून हवे तितके पाहता येते, पण तळाशी उतरावयाचे तर नावाहो वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. होपी लोकांची गावे उंच पठारांच्या टोकांवर वसलेली आहेत. त्यांपैकी ओराइबी हे आठशे वर्षांहूनही अधिक काळ नांदते आहे. त्या गावांत छायाचित्र घेण्यास, ध्वनिमुद्रण करण्यास, इतकेच नव्हे तर कागदावर रेखाटन करण्यासही मनाई आहे, आणि कित्येक विधींच्या वेळी परक्यांस प्रवेशच नसतो. हावासुपाईंच्या सुपाई गावास मोटारीचा रस्ता नाही. आठ मैल पायी उतरून जावे लागते, टपालदेखील खेचरांवरून येते. तेथील निळ्या पाण्याचे धबधबे जगप्रसिद्ध आहेत. परंतु आगाऊ परवानगी घेऊन मुक्कामास येणाऱ्यांसच गावकरी येऊ देतात, मद्य आणू देत नाहीत, आणि २०२० साली साथ आली तेव्हा त्यांनी सुमारे तीन वर्षे दरवाजा सर्वांस बंद ठेवला.

या लोकांस प्रवासी नकोत असे नाही. त्यांचे शेजारी वालापाई यांनी तर २००७ साली दरीच्या काठाबाहेर झेपावणारा काचेचा पूल स्वतःच्या जमिनीवर उभा केला, आणि त्याच्या उत्पन्नावर त्यांचा गाडा चालतो. कोणती दारे उघडी ठेवावयाची आणि कोणती मिटावयाची, हे ज्याचे त्याने ठरविले, एवढाच याचा अर्थ.

आपल्याकडे गोमंतकात व कोकणात देवास कौल लावण्याची रीत आहे. घर बांधावयाचे, सोयरीक जुळवावयाची, देवळाचा जीर्णोद्धार काढावयाचा, तर मूर्तीस पाकळ्या लावून मंडळी हात जोडून उभी राहतात. उजवीकडची पाकळी पडली तर देवाची संमती. डावीकडची पडली तर थांबा, अशी त्याची आज्ञा. या प्रथेच्या खरेखोटेपणाविषयी वाद घालणारे घालोत. आम्हांस तिच्या पोटातील नीती महत्त्वाची वाटते. कौल लावणाऱ्यास उत्तर आधी ठाऊक नसते, आणि डावा कौल आल्यास माघारी फिरण्याची तयारी ठेवूनच त्यास हात जोडावे लागतात. ज्या विचारण्यात नकारास जागाच नाही, ते विचारणे नसून केवळ कळविणे होय. हावासुपाई, होपी आणि नावाहो आपल्या दाराशी आलेल्या प्रवाशाकडून एवढेच मागतात, की त्याने विचारावे.

परंतु जी जमीन त्यांच्या ताब्यात राहिलेली नाही, आणि जी तरीही त्यांचे देवस्थान आहे, तेथे काय होते? फ्लॅगस्टाफच्या उत्तरेस सॅन फ्रान्सिस्को पीक्स नावाची शिखरे आहेत. त्याच नावाच्या शहराशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांतील सर्वांत उंच शिखर साडेबारा हजार फुटांच्या वर जाते व ते राज्यातील सर्वोच्च स्थान होय. तेरा जमातींस ही शिखरे पवित्र वाटतात. नावाहोंच्या मुलखाच्या चार पवित्र सीमापर्वतांपैकी पश्चिमेचा पर्वत तो हाच, आणि त्यांच्या वैद्यांच्या पूजेतील वस्तू तेथूनच आणाव्या लागतात. होपींच्या श्रद्धेप्रमाणे पाऊस आणणाऱ्या देवतास्वरूप शक्ती वर्षाचा काही काळ तेथे वास करतात. कायद्याने मात्र ही जमीन अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या वनखात्याची आहे, आणि तिच्या एका उतारावर १९३८ पासून बर्फावरून घसरण्याच्या खेळाचे केंद्र चालत आले आहे.

वाळवंटी राज्यातील बर्फ बेभरवशाचे. तेव्हा फ्लॅगस्टाफ शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून त्याचे कृत्रिम बर्फ बनवावे व ते उतारावर पसरावे, अशी योजना निघाली. दिवसाकाठी पंधरा लाख गॅलनपर्यंत पाणी वापरावयाचे होते. वनखात्याने २००५ साली तीस मंजुरी दिली. जमातींशी पत्रव्यवहार झाला, बैठका झाल्या. त्यांचे उत्तर नकारार्थीच होते, आणि मंजुरी तरीही झाली. डावा कौल आला असता घराचा पाया खणण्यासारखेच ते होते. जमाती न्यायालयात गेल्या. रुग्णालये आणि शवागारे यांतून वाहिलेले पाणीही त्या सांडपाण्यात मिसळलेले असते, व ते देवपर्वतावर शिंपडले गेल्यास आमचे विधी निष्फळ होतील, असे त्यांच्या जाणत्यांनी साक्षीत सांगितले. १९९३ च्या धर्मस्वातंत्र्यविषयक कायद्याप्रमाणे सरकारने कोणाच्या धर्माचरणावर ‘मोठा भार’ टाकल्यास त्यास सबळ कारण दाखवावे लागते. २००६ साली पहिल्या न्यायालयात जमाती हरल्या. २००७ साली अपिलात तीन न्यायाधीशांपुढे जिंकल्या. आणि ८ ऑगस्ट २००८ रोजी त्याच न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध तीन मतांनी तो विजय फिरविला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने हात घालण्यास नकार दिला, आणि २०१२ च्या हिवाळ्यापासून त्या उतारावर सांडपाण्याचे बर्फ पडू लागले.

बहुमताचा युक्तिवाद थोडक्यात असा: शिखरावर जाण्यास कोणास मज्जाव केलेला नाही, एकही वनस्पती, झरा वा पूजास्थान नष्ट होत नाही, खेळाची जागा सबंध पर्वताच्या शेकडा एक हिश्शाएवढी आहे, तेव्हा धक्का लागतो तो उपासकांच्या मनातील भावनेस, आणि भावनेच्या मापाने सरकारच्या जमिनीचा कारभार चालवता येणार नाही. उद्या प्रत्येक नागरिकाने प्रत्येक डोंगरावर आपल्या श्रद्धेचा दावा सांगितला, तर रस्ता, धरण, शाळा काहीच बांधता येणार नाही. वकिलीच्या व्यवसायात आयुष्याची बरीच वर्षे गेल्यामुळे या युक्तिवादाचे बळ आम्हांस कळते. न्यायाधीशास आत्म्याची खोली मोजण्याचे साधन दिलेले नसते; जे दिसते, मोजता येते, त्यावरच निवाडा करणे त्यास भाग असते.

तथापि मापन कशाचे करावयाचे, हा प्रश्न उरतोच. आपल्या कोणत्याही देवळाच्या आवाराची मोजणी करा. तळी, अग्रशाळा, सभामंडप, दीपस्तंभ हे सर्व धरले तर गाभारा शंभरांत एक-दोन हिश्शांहून अधिक भरणार नाही. एवढाच भाग वापरला, बाकीचे नव्याण्णव तुमचेच आहेत, असे कोणी म्हटल्यास आपणांस ते समाधानकारक वाटेल काय? आणि मूर्तीचा एक टवकाही उडाला नाही, फक्त अभिषेकाचे पाणी बदलले, असे म्हटल्यास? ते पाणी रसायनशास्त्राच्या कसोटीस उतरत असेल. पण देवावर कोणते पाणी घालावे, हा रसायनशास्त्राचा प्रश्न नव्हे. उपासनेत वस्तू आणि भावना वेगळ्या काढता येत नाहीत. वेगळ्या काढल्या तर मूर्ती हा दगड उरतो आणि पर्वत ही घसरगुंडी उरते.

हे समजावून घेणे गोमंतकीय वाचकास इतरांहून सोपे जावे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीने देवळे पाडावयास आरंभ केला, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश १५६० च्या सुमारास नदीपार प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. भक्तांनी रात्री-अपरात्री आपले देव उचलून अंत्रुज महालात नेले आणि त्यामुळे देव वाचले. घरदार, शेतीभाती, पूर्वजांची माती मागे राहिली, त्याचे दुःख पिढ्यानपिढ्या मनात राहिले. परंतु गाभाऱ्यातील दिवा विझला नाही. होपींस हा मार्गही मोकळा नाही. आपला देव पालखीत बसू शकला. त्यांचा देव बारा हजार फुटांचा आहे. ज्यांच्या देवास स्थलांतर करता येत नाही त्यांच्या धर्मास जागेचे महत्त्व किती असेल, हे आपण आपल्या अनुभवाच्या उलट बाजूने ओळखू शकतो.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो आम्हीच मांडतो. पावित्र्याच्या नावाने दारे बंद करण्याचा अधिकार एकदा मान्य केला की तो कोणाच्या हाती पडेल? आपल्याच समाजात देवाच्या नावाने, सोवळ्या-ओवळ्याच्या नावाने, लक्षावधी माणसांस देवळाबाहेर उभे केले गेले. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह करावा लागला. १९४७ च्या मे महिन्यात पंढरीचे दार सर्वांस उघडावे म्हणून साने गुरुजींस प्राण पणास लावावे लागले. हा इतिहास ज्यांच्या गाठीशी आहे त्यांनी पावित्र्याची तरफदारी करताना दहा वेळा विचार केला पाहिजे.

विचार केल्यावर आम्हांस दोहोंतील भेद स्पष्ट दिसतो. काळाराम मंदिराबाहेर उभा असलेला मनुष्य त्याच देवाचा भक्त होता. त्यास हवे होते दर्शन, आणि ते नाकारणारे त्याच्याहून बलवान होते. त्या नकारात ‘तू माणूस म्हणून आमच्याहून कमी’ असा निवाडा होता. ॲरिझोनातील पर्वताशी चित्र नेमके उलटे आहे. तेथे आलेल्या परक्यास पूजा करावयाची नाही. त्यास खेळावयाचे आहे. नाही म्हणणारे दुबळे आहेत. जमीन, कायदा व पैसा या तिन्ही गोष्टी दुसऱ्याच्या बाजूस आहेत. आणि त्यांच्या नाहीमुळे परक्याची मानहानी होत नाही. एक करमणूक तेवढी बुडते, तीही अन्यत्र मिळण्यासारखी. म्हणून दार कोणते आणि ते कोण कोणासाठी मिटतो आहे, हे पाहिल्यावाचून पावित्र्याची बाजू घेऊ नये आणि तिचा उपहासही करू नये.

आपल्या न्यायशास्त्राने या बाबतीत एक वेगळी वाट काढलेली आहे. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे कलकत्त्याच्या एका कुटुंबाचा दावा आला. कुलदेवतेची मूर्ती आपल्या पाळीत आपल्या घरी न्यावी, असे एका वारसाचे म्हणणे. न्यायाधीशांनी सांगितले की देव ही मालमत्ता नव्हे. कायद्याच्या दृष्टीने ती एक व्यक्ती आहे, तिने कोठे राहावे याविषयी तिची इच्छा विचारात घेतली पाहिजे, आणि ती इच्छा मांडण्यासाठी निःपक्ष पालक नेमला पाहिजे. कौल लावण्याचीच ही न्यायालयीन रीत म्हणता येईल. पुढे १८ एप्रिल २०१३ रोजी ओडिशातील नियमगिरी पर्वताच्या प्रकरणी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खाणीचा प्रश्न तेथील ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला. डोंगरिया कोंध लोक त्या पर्वतास नियमराजाचे स्थान मानतात. बाराही ग्रामसभांनी नाही म्हटले, आणि ते नाही मानले गेले. अर्थात् यावरून आपण फार मान ताठ करावी असे नाही. झारखंडातील पारसनाथ पर्वतावर पर्यटनाचे बेत आखले गेले, तेव्हा तेथील सम्मेदशिखराच्या पावित्र्यासाठी जैन बांधवांस रस्त्यावर यावे लागले, आणि जानेवारी २०२३ मध्ये मध्यवर्ती सरकारने ते उपक्रम थांबविले. त्याच पर्वतास संथाळ लोकही आपला देव मानतात. एकाच डोंगराचे दोन भक्त असू शकतात, आणि कौल दोघांसही विचारावा लागतो.

मग प्रवाशाने काय करावे? ‘कोठे जाऊच नये’ असा वैराग्याचा उपदेश आम्ही करणार नाही. ती दरी पाहावी. तिच्या काठावर उभे राहिल्याने मनुष्याचा अहंकार उतरतो. त्या निवडुंगांच्या रानातून पहाटे हिंडावे. वाळवंट स्वतःच एक शिस्त शिकवते. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत दरीच्या पोटात चालू नका, असे उद्यानाचे रक्षक बजावतात, आणि शहाणा प्रवासी ते निमूटपणे ऐकतो. कारण न ऐकल्यास प्राणाशी गाठ असते. उन्हाच्या नकारापुढे आपण वाद घालीत नाही. मग एखाद्या म्हाताऱ्या होपी बाईने हात आडवा करून ‘चित्र काढू नका’ म्हटले, तर ते का खुपावे? तिच्या नकारामागे ऊन नाही, पोलीस नाही; केवळ तिचा शब्द आहे. ज्या शब्दामागे बळ नसते तो पाळण्यातच सभ्यतेची परीक्षा होते. जाण्यापूर्वी ती जागा कोणाची आहे हे माहीत करून घ्यावे. तिचे जुने नाव विचारावे. वाटाड्या घ्यावा व त्याची मजुरी द्यावी. आणि जे दाखविले जात नाही ते न पाहता परत यावे. गाभाऱ्यात न शिरताही आपण आयुष्यभर देवाचे दर्शन घेतो. त्या दर्शनात काही उणे राहिले असे आपणांस कधी वाटले नाही.

सॅन फ्रान्सिस्को पीक्सचा खटला संपला आहे. कायद्याने जे बोलावयाचे ते बोलून झाले, आणि प्रत्येक हिवाळ्यात त्या उतारावर यंत्रांतून बर्फ पडते. परंतु कायदा केवळ एवढेच सांगतो की प्रवाशास कोणी अडवू शकत नाही. त्याने गेलेच पाहिजे, असे कोणत्याही न्यायालयाने सांगितलेले नाही. ते बर्फ तयार होते ते तिकिटाच्या खिडकीशी उभ्या राहणाऱ्या माणसासाठी. आठ विरुद्ध तीन मतांचा तो निर्णय आता कोणतेही पीठ बदलणार नाही. त्या खिडकीशी उभा असलेला मनुष्य मात्र स्वतःपुरता तो बदलू शकतो. हिवाळ्याच्या सुट्टीत तेथे जाणाऱ्या आपल्या मुला-नातवंडांस हे ठाऊक असावे. डोंगराने कौल दिलेलाच आहे, आणि तो डावा आहे. मागे फिरावयाचे की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावयाचे आहे.